औदुंबराखालच्या तसबिरी

"दत्तम्हाराज वर झाडात रवतत, खाली मी रवतंय," जाईबाई म्हणाली. "फांदी पडली तर कोणाच्या डोक्यार पडतली?"

घोडपदेवला आमच्या चाळीच्या मागल्या अंगणात औदुंबर आहे. माझी रोजची प्रदक्षिणा त्यालाच. त्याच्याखाली जाईबाईची पत्र्याची खोली. आत अंगावरून वारं गेलेला तिचा नवरा दौलत कायम आडवा. अंगणाकडे चाळीच्या मालकाने कधी ढुंकून पाहिलं नाही. आणि आम्ही? काच फुटली, देव भंगला की घरात ठेवू नये म्हणून तसबीर नेऊन बुंध्याशी टेकवायची. ढीग वाढत गेला. खाली पाणी मुरलं, चिखल कुजला, खोड आतून पोकळ झालं.

पालिकेने नोटीस डकवली: झाड धोकादायक, अंगण साफ करा. मग माणसं आली, करवत घेऊन. मुकादम ढिगाशी थबकला.

"शिडी लावायला जागा नाय. देवांवर पाय देऊन माझा माणूस चढणार नाय. आधी तुमचं तुम्ही उचला."

"सोडलेला देव परत हातात घेत नाहीत," कमळाबाई म्हणाली. चाळीत वयाने तीच मोठी.

"मग आम्ही काय देवाचे जावई? उचला, मग फोन करा."

जाईबाई घरोघरी फिरली. "आपापलो देव उचला गो बायांनो. ज्याचा जळता त्येका कळता." सगळ्यांच्या माना खाली. माझीही. शेवटी तिने स्वतःच हात घातला, तर कमळाबाईने मनगट धरलं.

"दुसऱ्याच्या घरची पीडा अंगावर घेशील. दौलतला आधीच काय कमी आहे?"

जाईबाईचा हात मागे आला.

श्रावणातल्या एका दुपारी, वारा नाही, पाऊस नाही, फांदी कडाडली. पत्रा खाटेपर्यंत चेपला. दौलतला हलता येत नव्हतं.

तेरावं झालं आणि जाईबाई अंगणात आली. हातात तिच्याच घरची दत्ताची तसबीर, काच तडकलेली.

"ठेव बुंध्याशी," कमळाबाई हळूच म्हणाली.

"नको." तिने तसबीर गोणीत घातली. मग चिखलात बसून ढिगातली दुसरी ओढली, पदराने पुसली, तीही घातली.

"जाईबाई, अगं पीडा..."

"आता माझ्याकडसून काय नेतली ती?"

मी प्रदक्षिणेत होते. अर्ध्यातच थांबले, अनवाणी ढिगाकडे गेले आणि गोणीचं तोंड धरलं.

जाईबाईने वर पाहिलं नाही.

"पाय सांभाळ गो," म्हणाली. "काचा आसत."