कोरड्या नदीत आलेला पूर

मे महिन्याचं ऊन तापलं होतं, कृष्णा तळाला गेली होती, आणि प्रियदर्शनी बनसोडे दूध केंद्राच्या आवारात उभी राहून ओरडत होती, "पाणी आलं! लाइट गेली! चला, पळा!"

पलूसकडच्या नदीकाठच्या त्या गावात सगळ्या वाड्यावस्त्यांचं दूध या केंद्रात येऊन थंड व्हायचं. कराडला इंजिनिअरिंग करून आलेली प्रियदर्शनी तिथली नवी सुपरवायझर. आल्या आल्या तिनं केंद्राला एक फेरी मारली. जनरेटर होता तो नेमका नदीकडच्या खोलगट शेडमध्ये. पूर आला की सगळ्यात आधी तोच बुडणार! तिनं चेअरमन दादासोंना गाठलं. ते फौजेतनं सुभेदार होऊन परतलेले.

"पुराची तालीम घ्यायची म्हणतीस?" त्यांचे डोळेच चमकले. "अगं, लढाई नसली तरी आमी लढाई खेळायचो. घे की!"

"आवं बाई," तालमीच्या दिवशी तिची आरोळी ऐकून टेम्पोवाला धुळा हसत म्हणाला, "नदीत म्हशीचं गुडघं भिजंनात, आन् तुमी पूर कुटनं आणला?" पण कॅन उचलून पळाला तोच पहिला. मग सगळ्यांनाच चेव चढला. कुणी कोरड्या जमिनीवर पोहायचं सोंग केलं, बायका पदर खोचून धावल्या. जनरेटरपाशी मात्र सगळे थबकले. डिझेलच्या खोलीला कुलूप, किल्ली जनरेटर चालवणाऱ्या नानासोंच्या खिशात, आणि नानासो गेलेले उंब्रजला लग्नाला.

हसू जागीच विरलं.

"म्हंजी एक गडी लग्नाला गेला की समद्या गावाचं दूध नासायचं?" दादासो गरजले.

त्यानंतर केंद्राचा नूरच पालटला. जनरेटर शाळेकडच्या उंच ओट्यावर गेला. दुसरी किल्ली झाली. दूध मोजणाऱ्या अंजनाताई जनरेटर चालवायला शिकल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चालवूनही दाखवू लागल्या.

श्रावणात कोयनेचं पाणी सोडल्याची बातमी आली आणि कृष्णा बघता बघता फुगली. जुन्या शेडमध्ये कमरेएवढं पाणी शिरलं, वीज गेली. कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. कॅन वर गेले, अंजनाताईंनी हँडल मारलं आणि जनरेटर धडधडू लागला. प्रियदर्शनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. जमलं होतं!

टँकरला निरोप द्यायला तिनं फोन उचलला. फोन मुका.

रोज कराडहून खालच्या पुलावरनं दूध न्यायला येणारा टँकर पुलावर पाणी बघून माघारी जाणार होता. वरच्या रस्त्यानं ये, हे त्याला सांगणार कोण? फोन बंद पडेल हे तालमीत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पोरी, पलूसला पोलिसांकडं वायरलेस हाय न्हवं?" दादासो म्हणाले. "धुळ्या, काढ गाडी!"

धुळानं टेम्पो चिखलातनं असा काही पिटाळला की प्रियदर्शनीनं दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं. "धरून बसा बाई, आज थांबायचं न्हाई!" तो ओरडला, आणि भीती कुठल्या कुठं जाऊन तिला हसूच फुटलं. ठाण्यातल्या हवालदारांनी तिचं बोलणं संपायच्या आत कराडला संदेश धाडला. तिकडच्या पोलिसांनी टँकर नाक्यावरच अडवून वरच्या वाटेला लावला.

दिवस कलताना वरच्या वळणावर टँकरचे दिवे दिसले. ओट्यावरच्या बायकांनी एकच कल्ला केला. धुळा हॉर्नवरचा हात काढीना.

"बाई, आता पुढची तालीम कशाची?" अंजनाताईंनी विचारलं.

भिजून चिंब झालेली प्रियदर्शनी चिखलातच उड्या मारत होती. "सांगते, सांगते! आधी दूध भरू या!"