पुसलेल्या फुल्या

नरक चतुर्दशीच्या सकाळी जमनाआत्याने अण्णांच्या मानेवरचं सगळं धुऊन टाकलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. तोंडाच्या कॅन्सरसाठी त्यांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं होतं. आता रोज रेडिएशन आणि दर सोमवारी जोडीला केमोचं सलाईन. किरणं नेमकी कुठे सोडायची ते कळावं म्हणून डॉक्टरांनी मानेवर जांभळ्या फुल्या काढल्या होत्या. त्यांना पाणी लावायचं नाही, अशी ताकीद होती. आत्या आदल्या दिवशीच होसकोट्याहून आलेली, तिला हे सांगायचंच राहिलं. तिने तेल लावलं, उटणं चोळलं. अण्णांना बोलता येत नव्हतं, ते नुसते हात झटकत होते.

"लहानपणापासून अंघोळीचा चोर," म्हणत तिने आणखी जोरात चोळलं.

आईने पाहिलं आणि आधी घड्याळाकडे बघितलं. सुट्टीमुळे आज दहाला मशीनवर नंबर होता. मध्ये खंड पडला तर उरलेला रोग डोकं वर काढेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"रूपश्री, तूच काढ गं," आत्या कुजबुजली. "चित्रकलेत पहिली येतेस ना? कुणाला कळतंय?"

खरं सांगते, मला जराही भीती वाटली नाही. शाळेआधी रोज मीच अण्णांना रिक्षाने न्यायची, आईला कन्नड येत नाही म्हणून तिथे सगळ्यांशी मीच बोलायची. फुल्या मला पाठच होत्या. स्केचपेनने कानाखाली पहिली काढली. झकास. दुसरी हनुवटीपासून दोन बोटं, की तीन? आणि बोटं कुणाची, माझी की डॉक्टरांची?

अण्णा मान ताठ धरून बसले होते. अगदी निवांत. ते बघून मी पेन मागे घेतलं.

मी टोपण लावलं. "जाऊन खरं सांगू."

"आणि आज ट्रीटमेंट दिलीच नाही तर?" आईने विचारलं.

मी अण्णांची फाईल उचलली आणि रिक्षा बघायला निघाले.

मशीनवरच्या कावेरीमॅडमनी फाईल बघून पट्टीने अंतर मोजलं. माझी फुली अर्धा इंच सरकली होती. कोणी काढली, त्यांनी विचारलं.

"मी."

"पण पुसल्या मी, अक्का," आत्या पुढे झाली. "पोरीला रागावू नका."

मॅडमनी स्पिरिटने माझी फुली पुसली. "डॉक्टर एक्स-रे काढून नव्याने खुणा करतील. आजचा डोस बुडाला, तो शेवटी देऊ."

"एका दिवसाने काही होणार नाही ना?" मी विचारलं.

"होऊ नये म्हणूनच उद्या सातला या."

आम्ही साडेसहालाच दारात उभे होतो.