रकाना क्रमांक सात: निरंक

माझ्या नोकरीला सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द लिहिला असेल, तर तो म्हणजे निरंक. सरकारी कागदावर शून्य लिहायचं नसतं, निरंक लिहायचं असतं. साथीचे रोग? निरंक. बालविवाह? निरंक. अतिक्रमण? निरंक. आकडा लिहिला की वरून फोन येतो, निरंक लिहिलं की येत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, पहिल्या वर्षातच आपोआप कळलं.

मी प्रतिभा, मोखाड्याच्या डोंगरातल्या आंबेखोंडा ग्रामपंचायतीची ग्रामसेविका. राहते जव्हारला, सकाळच्या एसटीनं येते, एसटी आली नाही तर जीपनं येते, आणि दोन्ही नसलं तरी हजेरीवर सही असते. माझ्या एका निरंकामुळे रुपीचं काय झालं ते सांगायचंय. रागानं सांगणार आहे. निम्मा राग साहेबांवर आहे, निम्मा माझ्यावरच.

रुपी म्हणजे आमच्या बचत गटाची. बारा वर्षं दिवाळी झाली की नवरा, पोर आणि भांडी घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायची, पाऊस जवळ आला की परत. पोरगी कमू पाचवीत आहे, पण पाच वर्षांत मिळून दोन वर्षांची शाळा तिनं केली असेल. रुपीला सही येत नाही. विटा मात्र दिवसाला हजार पाडते.

गेल्या चैत्रात योजना आली. टाकाऊ प्लास्टिकपासून वस्तू बनवणारे छोटे उद्योग गावागावांत काढायचे, माल पंचायतींनीच विकत घ्यायचा, म्हणजे कचराही जाईल आणि लोकांना कामही मिळेल. योजना चांगली होती, मी उगाच नावं ठेवणार नाही. आमच्या जुन्या गोदामात एक यंत्र बसलं. प्लास्टिक कापायचं, वितळवायचं, लोखंडी साच्यात दाबायचं, आणि कुंपणाचा खांब बाहेर काढायचा. आमच्याकडे वाडीला लाकडी खांब रोवला की दोन पावसाळ्यांत वाळवी त्याचं पीठ करते. प्लास्टिकच्या खांबाला वाळवी तोंड लावत नाही. सहा महिने चाचणी, मग कायम मंजुरी, असं ठरलं होतं.

यंत्राबरोबर एक इंजिनियर आला होता. पहिला खांब साच्यात जो अडकला, तो पहार लावूनही निघेना. दुसराही तसाच. इंजिनियर घामाघूम, फोनवर फोन. त्या वर्षी भट्टी लवकर बंद झाली होती, म्हणून गावी परतलेली रुपी दारात बसून बघत होती. उठली, घरी गेली आणि तुसाची राख घेऊन आली. साच्याला आतून राख चोळली, जशी विटेच्या साच्याला चोळतात. तिसरा खांब एका धक्क्यात बाहेर आला. इंजिनियरनं वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याच संध्याकाळी निघून गेला, परत आला नाही. त्या दिवसापासून मिशीन रुपीचं झालं.

प्लास्टिक यायचं जव्हारच्या बाजारातून आणि धबधब्यावरून. पर्यटक काय काय टाकतात, बाई गं! गटाच्या बायका गोणी भरभरून आणायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. सहा महिन्यांत चारशेच्या वर खांब झाले. दोन पंचायतींनी वाड्यांसाठी नेले. रुपीनं गणपतीतच वीटभट्टीवर माणसं नेणाऱ्या मुकादमाला सांगून टाकलं की यंदा आम्ही येणार नाही. मुकादम हसला म्हणे. रुपीनं ते मला सांगितलं तेव्हा तीही हसत होती, पण तिचं हसू वेगळं होतं. कमूला तिनं दप्तर घेतलं, लाल रंगाचं.

आता माझा निरंक.

मे महिन्यात, ऐन उन्हात, स्वच्छ गावाचा तक्ता आला होता. रकाना क्रमांक सात: गावात रोज निघणारा प्लास्टिक कचरा, किलोमध्ये. मी वही घेऊन पाड्यावर गेले. पहिलं घर भिकाबाबांचं. म्हातारा ओटीवर दोरी वळत बसला होता. मी विचारलं, बाबा, तुमच्याकडे कचरा किती निघतो? बाबांनी हात झाडून दाखवले. म्हणाले, “आता कचरा कुठला बाय? समदा राबाला गेला.”

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात, आणि जाळायला जे गोळा करतात त्याला हे लोक कचरा म्हणतात. कचरा म्हणजे कामाची वस्तू. वर्षभर जमवायची, जपायची. आणि प्लास्टिकला तर कुणी कचरा म्हणतच नाही. फुटक्या बादलीत मिरचीची रोपं असतात, तेलाच्या डब्यात पाणी असतं, सिमेंटच्या गोणीचं इरलं होतं, तुटक्या चपलेचा तुकडा दाराच्या बिजागरीखाली जातो. टाकायला उरतं काय?

हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. सतरा वर्षं मी याच पाड्यांवर चहा पितेय. पण ऊन मी म्हणत होतं, पुढे अजून चार पाडे होते, आणि भिकाबाबांनी स्वतःच्या तोंडानं नाही म्हटलं होतं. मी रकाना क्रमांक सातमध्ये निरंक लिहिलं आणि सावलीत जाऊन बसले. बाकीच्या पाड्यांवर गेलेच नाही.

त्या निरंकाला पंधरा ऑगस्टला बक्षीस मिळालं. आंबेखोंडा, प्लास्टिकमुक्त गाव! ढाल आली, तीही प्लास्टिकची, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. शाळेसमोर दहा फुटी फ्लेक्स लागला, त्यावर पाच साहेबांचे फोटो आणि कोपऱ्यात माझा. आमचे विस्तार अधिकारी तुषार साहेब ढाल घ्यायला स्वतः पालघरला गेले होते, नव्या सफारीत. मलाही छान वाटलं, खोटं कशाला बोलू?

ऑक्टोबरात यंत्राची फाईल परत आली. शेरा होता: सदर ग्रामपंचायत प्लास्टिकमुक्त असल्याने तेथे कच्चा माल उपलब्ध नाही, सबब यंत्र अन्य ग्रामपंचायतीस वर्ग करावे. मी शेरा तीनदा वाचला. मग दुपारची जीप धरली आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

साहेब वाईट माणूस नाही. चहा मागवला. म्हणाले, नियम असा आहे की कच्चा माल पंचायतीच्या हद्दीतलाच पाहिजे. मी म्हटलं, चारशे खांब झालेत, ते काय हवेतून झाले? ते म्हणाले, तो कचरा जव्हारचा, धबधब्याचा, तो तुमचा नाही. मी म्हटलं, मग माझा निरंक चुकला असं समजा, मी तक्ता दुरुस्त करून देते. तेव्हा मात्र साहेबांचा चेहरा पडला. तक्ता दुरुस्त केला तर बक्षीस परत करावं लागेल, आणि ढाल तर जिल्ह्याच्या समोर हातात घेतलेली! शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. बक्षीस राहू दे. शुक्रवारी समिती येईल, गावात प्लास्टिकचा कचरा दिसला तर नव्यानं निर्माण झाला असं लिहू. किती दिसायला हवा, मी विचारलं. डोळ्यांत भरेल एवढा, ते म्हणाले.

मी गावात सभा घेतली. या वेळी कचरा हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. एकदा फसले होते ना! म्हणून शहाणपणानं सांगितलं, शुक्रवारी साहेब येणार आहेत, रुपीचं मिशीन राहावं म्हणून आपल्याला प्लास्टिक द्यायचंय, ज्याच्या घरात जे असेल ते शाळेसमोर आणून ठेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं काम.

शुक्रवारी एसटी आली नाही. मी आणि साहेब एकाच गाडीतून गावात पोचलो. शाळेसमोर पाहिलं आणि मी गाडीच्या दारातच थांबले.

द्यायचंय म्हटल्यावर कुणी फुटकं देतं का? गावानं घरातलं सगळ्यात चांगलं आणलं होतं. भिकाबाबांनी निळा नवा ड्रम, लेकीच्या लग्नासाठी घेतलेला. गोदानं न वापरलेली ताडपत्री. गंगीनं चार खुर्च्या. पाण्याचे कॅन, टोपल्या, बादल्या, सगळं धुऊन पुसून एका रांगेत लावलेलं, उन्हात चमकत होतं. आणि साहेब येणार म्हणून पोरांनी पहाटेपासून गाव झाडलं होतं. बिस्किटाच्या पुड्याचा एक कपटाही कुठे दिसत नव्हता.

समितीतले साहेबांबरोबरचे दोघे रांगेतून फिरले. एकानं ड्रम वाजवून बघितला आणि हा कुठून घेतला म्हणून चौकशी केली, चांगला दिसतोय म्हणाला. मग तिघांनी बाजूला जाऊन कागद भरला. साहेबांनी मला तो वाचून दाखवला, कारण सही माझीही लागत होती: गावात प्लास्टिक कचरा आढळून आला नाही. ग्रामस्थांकडील वस्तू सुस्थितीत व वापरात आहेत.

मी बोलायला तोंड उघडलं, पण रुपी पुढे आली. सहा महिन्यांत ती साहेबांसमोर एकदाही बोलली नव्हती. तिनं ड्रमवर हात ठेवला.

“साहेब, फोडला तर कचरा होल ना?”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

“मंग फोडते.”

तिनं भिकाबाबांकडे पाहिलं. म्हातारा काठी टेकून उभा होता. म्हणाला, “फोड.”

मला तिथेच रडू आलं. साहेबांनी खाली बघत सांगितलं की मुद्दाम केलेला कचरा हिशेबात धरता येत नाही. मग रुपीनं शाळेकडे बोट दाखवलं. पंधरा ऑगस्टचा फ्लेक्स पावसा-वाऱ्यानं फाटून कौलांवर लोंबत होता, माझा फोटो मधोमध उभा चिरलेला. खरं तर तो आमच्या मिशीनला चालत नाही, तापवला की नुसता धूर करतो. पण तेवढी तरी गावातली एक टाकाऊ वस्तू होती. साहेब म्हणाले, तो कार्यालयाचा आहे, गावाचा नव्हे. मी सही केली. न करून काय करणार होते, असं मी स्वतःला अजून विचारते.

दिवाळी झाली. एकाच सकाळी दोन टेम्पो आले. एक यंत्र न्यायला आणि एक मुकादमाचा. यंत्र ज्या पंचायतीत चाललं होतं तिथे कचरा भरपूर आहे, राख कशाला लावायची ते मात्र तिथे कुणाला ठाऊक नाही. मी रुपीला म्हटलं, त्यांना फोन करून सांगते. ती म्हणाली, सांग, साचा गरम असतानाच चोळायची, गार झाल्यावर नाय.

तेवढ्यात साहेबांची माणसं आली. फाटक्या फ्लेक्सच्या जागी पत्र्याचा कायमचा फलक लावायचा होता आणि त्यांना दोन खांब हवे होते. लाकडाचे नको, वाळवी लागते. गोदामात रुपीचे शेवटचे दोन खांब होते. त्यांनी ते रोवले, पण एक वाकडा बसला. रुपी टेम्पोत चढलेली खाली उतरली. खांब हलवून सरळ केला, बुडाशी दगड घातले, टाचेनं माती चेपली. मग परत चढली. कमू भांड्यांच्या मध्ये बसली होती, लाल दप्तर मांडीवर. मी म्हटलं, कमूला माझ्याकडे ठेव, जव्हारला शाळेत घालते. रुपी म्हणाली, “तुझी शाळा लांब पडल बाय.” एवढंच म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

मागच्या आठवड्यात नवा तक्ता आला. रकाना क्रमांक सात: रोजगारासाठी स्थलांतरित कुटुंबे. या वेळी मी सगळे पाडे पायी फिरले. एकवीस लिहिलं, पहिलं नाव रुपीचं.

चार दिवसांत तक्ता परत आला. शेरा होता: सदर गावी प्लास्टिक पुनर्वापर उद्योगातून रोजगारनिर्मिती झाल्याची नोंद असल्याने स्थलांतर संभवत नाही. निरंक करून फेरसादर करावे.

तक्ता माझ्या टेबलावर आहे. साहेबांचा रोज फोन येतो. काल गुरुजी कमूचा शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा की नाव पटावरच ठेवायचं, ते विचारायला आले होते. मी सांगितलं, ठेवा. खिडकीतून तो फलक दिसतो, अगदी सरळ उभा आहे.