पांढरी झावळी

"माझ्या पाळीचं पाणी कुणी तोडलं, भावजी? झाड वाळाया लागलंय माझं, डोळं हायती का न्हाई?"

राबहा पाटाच्या दाराशी कमरेवर हात ठेवून उभी होती. बास्सू तिचा दीर, मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. वाळवंटातल्या द्रा नदीकाठी दोघांची खजुराची रानं एकाखाली एक होती. पाणी आधी राबहाच्या रानात शिरायचं, मग तिथून उतरून बास्सूच्या.

"वहिनी, उगा तोंड सोडू नगा. तुमचं आळं भरून माझ्या रानात उतरतंय. तहान कसली त्याला?"

झाड मेजहूल जातीच्या खजुराचं होतं, नवऱ्याच्या हातचं. त्याच्या खजुरावर राबहाचं अर्धं वर्ष निघायचं. यंदा मधल्याच एका झावळीची एक बाजू पांढरी पडली, दुसरी हिरवीगार. उन्हानं वाळलं तर दोन्ही अंगांनी वाळतं, हे तिला कळत होतं. पण वरच्या गावातल्या बागा ह्याच खुणेनं गेल्या होत्या आणि त्या रोगाचं नाव तिला तोंडातून काढायचं नव्हतं. म्हणून ती तहानच म्हणत राहिली. दुपारी गावाचा डोळा लागला की पाळी नसतानाही दाराची माती ओढून पाणी घेत राहिली. बाईनं एवढं पाणी पाजलं, पण झाडाचा घसा काही ओला होईना.

शेवटी बास्सूच चिडून झाडावर चढला. ती झावळी तोडून त्यानं खाली टाकली आणि उतरून देठ उभा चिरला. आत तपकिरी रेघ खालपासून वर गेली होती.

"हे काय?" राबहानं विचारलं.

बास्सूनं बुंध्याशी कुदळ घातली. कोपरभर खाली गेला तरी माती चिखलच.

"पाणी हाय, वहिनी. वर चढंना झालंय."

रोग दुसऱ्या झाडांना लागू नये म्हणून झाड पाडलं. कापलेल्या खोडात सुतासारख्या नळ्या दाटीनं उभ्या होत्या. ह्यांतूनच मुळाचं पाणी, मातीचा कस शेंड्यापर्यंत जायचा. काही अजून पांढऱ्या, ओल्या होत्या. बाकीच्या लालसर, कोरड्या, आतून बुजलेल्या. राबहानं त्यांवर बोट फिरवलं आणि ती मोठ्यानं रडली. झाड तिथंच जाळलं. शेजारच्या बाया पुदिन्याचा चहा आणि रोटी घेऊन आल्या, मयताच्या घरी जावं तशा.

पुढं झळा वाढल्या. एका सकाळी राबहा खालच्या रानाकडून जाताना थबकली. बास्सूच्या कडेच्या झाडाची एक झावळी अर्धी पांढरी होती, आणि तो पाटाचं दार फोडत होता.

"भावजी, काय करताय?"

"तहानलंय ते. झळा बघा की कसल्या हायती."

हे तर राबहाचेच शब्द होते. ती पाटात उतरली आणि दाराच्या तोंडाशी चिखलात बसली. पाणी तिच्या पाठीला येऊन थटलं.

"उठा वहिनी! लोक बघत्यात."

"बघू द्या. पाणी मीच चोरत व्हते, तेबी कळू द्या. रोग्या झाडाच्या मुळातला रोग त्या पाण्यानं धुऊन मीच तुमच्याकडं लावला. आता तुमी खालच्यांकडं लावू नगा."

"एका झावळीवरनं झाड पाडू व्हय? उन्हानंबी असंल."

"मीबी असंच म्हणत व्हते."

बास्सू वर बघत राहिला. एक बाजू हिरवी, एक बाजू पांढरी. हातातली कुदळ त्यानं हळूच खाली ठेवली.

"तुमचं झाड पाडताना मला रडू आलं न्हवतं, वहिनी," तो म्हणाला.

"आता रडा," राबहा म्हणाली. "पण आधी कुऱ्हाड आणा. तवर मी हितनं हलत न्हाई."