चिठ्ठ्यांची भिंत

आमचे हेडमास्तर रंगराव अमरावतीच्या शिबिराला गेले तेव्हा साधे अडाणी होते. परत आले ते शिकलेले अडाणी होऊन.

महाराष्ट्र नवा नवा होता, तशी शिबिरंही नवी नवी निघत होती. रंगराव एसटीतून उतरले ते काखेत कागदाची गुंडाळी आणि तोंडात ‘शृंखलाबद्ध टिपण’ असा शब्द घेऊन. सुलतानपूरच्या पलीकडचं आमचं गाव. तिथं हा शब्द पोरांच्या काय, मास्तरांच्याही तोंडात मावेना. रंगरावांनी आम्हा सगळ्यांना बसवून पद्धत समजावली, टाळ्या वाजायची वाट पाहिली, आणि शेवटी मला म्हणाले, “वच्छलाबाई, अकरावीला हे तुम्हीच शिकवा. मला प्रशासन असतं.”

प्रशासन म्हणजे खुर्चीत बसून शिपायाला चहा आणायला पिटाळणं. असो.

पद्धत मात्र चांगली होती, त्याचाच तर जास्त संताप येतो. ड्रॉइंगच्या कागदाच्या चिठ्ठ्या कापायच्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, समोरून, शाईनं. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचं, की ही चिठ्ठी दुसऱ्या कोणत्या चिठ्ठीशी जुळते आणि काऊन, म्हणजे का, जुळते. पेन्सिल अशासाठी, की उद्या आणखी कळलं तर खोडून नीट करता यावं. पाठांतराला यात जागाच नव्हती. आता आमच्या शाळेतून पाठांतर काढलं तर खाली उरतं काय, हा प्रश्न रंगरावांना पडला नाही. त्यांना प्रश्न पडत नसत.

पहिल्या आठवड्यात पोरांनी जे केलं ते पाहून मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे कोऱ्या कागदावर आधी ‘श्री’ लिहिल्याशिवाय कोणी अक्षर काढत नाही. त्यामुळे प्रत्येकाची एक नंबरची चिठ्ठी ‘श्री’ची. आणि पुढची एकूण एक चिठ्ठी त्या एक नंबरला जोडलेली! कापूस, पानिपत, काटकोन, पचनसंस्था, सगळं जाऊन ‘श्री’ला चिकटलेलं. कारण विचारलं तर म्हणे, “देवाशिवाय काही हाये का बाई?” आता यावर काय बोलणार? धर्मात बसत होतं, अभ्यासात बसत नव्हतं.

एकाच पोरीनं तसं केलं नव्हतं. नूरजहां. गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करणाऱ्या हैदरची मुलगी. तिच्याही पहिल्या चिठ्ठीवर ७८६ होतं, पण त्या चिठ्ठीची पाठ कोरी.

“ही कशालाच जोडली नाहीस?” मी विचारलं.

“ते तर समद्यालेच जुळते बाई,” ती म्हणाली, “मंग लिहून काय फायदा?”

तेव्हाच मला कळलं, की सगळ्या शाळेत ही पद्धत हिला एकटीलाच समजली आहे. रंगराव धरून.

पुढं तिच्या चिठ्ठ्या वाढतच गेल्या. बापाच्या कल्हईच्या नवसागरावरून ती मिठावर गेली, मिठावरून लोणारच्या खाऱ्या पाण्यावर, तिथून साबणावर. रसायनशास्त्राचं पुस्तक तिनं चुलीपर्यंत नेलं आणि परत आणलं. प्रत्येक पाठीवर बारीक अक्षरात ‘काऊन’ लिहिलेलं. मी रात्री वाचायला घरी न्यायची, इतक्या त्या मला आवडायच्या.

त्या साली खात्याचे साहेब तपासणीला येऊन एक नाव घेणार होते. बुलढाण्याला मास्तरकीचं ट्रेनिंग, राहणं-खाणं सरकारी. शाळेतून एकच नाव. नूरजहांला मास्तरीण व्हायचं होतं, आणि घरच्या खर्चानं बुलढाण्याला राहणं हैदरच्यानं होणारं नव्हतं. हे नाव लागलं तर शिक्षण, नाही तर मॅट्रिकची अकरावी झाली की शिक्षणाला रामराम. इतकं सरळ होतं सगळं.

पण शाळा समितीचे अध्यक्ष जानराव, आणि त्यांचा शालिग्राम त्याच वर्गात. पोरगं वाईट नव्हतं. कोरं होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी एका लग्नाला साखरखेर्ड्याला गेले होते. सकाळी येऊन पाहते तर वर्गाची भिंत चिठ्ठ्यांनी भरलेली. मैद्याची खळ शिजवून रंगरावांनी सगळ्या चिठ्ठ्या रांगेत चिकटवून टाकल्या होत्या. मधोमध नूरजहांच्या. वर पाटी: ‘मार्गदर्शक रंगराव, सादरकर्ता शालिग्राम जानराव’.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सर, हे काय केलं?”

“प्रदर्शन.”

“अहो, पण मागची बाजू?”

“मागची बाजू कोण बघतो, बाई?” रंगराव हसले. या माणसानं अख्खी पद्धत शिकून यावी आणि नेमकी तीच भिंतीत गाडावी! मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

साहेब आले. आधी जानरावांकडे रोडगे आणि वांग्याची भाजी झाली, मग शिक्षणाकडे वळले. ढेकर देत भिंतीवर काठी टेकवली. “बाळ, ही चिठ्ठी चिंचेची, ही कल्हईची. यांचा काय संबंध?”

शालिग्रामचे कान लाल झाले. रंगराव मागून ओठ हलवून काहीतरी सांगत होते, पण त्यांनाच ठाऊक नव्हतं तर ओठ काय सांगणार!

“मले नाही माहीत, साहेब,” शालिग्राम म्हणाला. “ह्या चिठ्ठ्या माह्या नाहीत. नूरच्या हायेत.”

मी मनात म्हटलं, झालं! लागलं पोरीचं नाव.

साहेब गहिवरले. खरंच गहिवरले, लबाडी नव्हती त्यात, मूर्खपणाच होता. “पाहिलंत रंगराव? बापाच्या दबावाला न जुमानता खरं बोलला! ज्ञान मागाहून देता येतं, चारित्र्य नाही.” आणि त्यांनी खिशातून पेन काढून शालिग्रामचं नाव लिहून घेतलं.

“साहेब,” मी पुढं झाले, “जिच्या चिठ्ठ्या आहेत तिला विचारा तरी!”

“विचारू की, विचारू की,” म्हणत साहेब घड्याळ पाहत उठले. नूरजहां उभी राहिली. “चिंचेचं आंबट तांब्याले खाते, म्हणून भांड्याले...” एवढंच ती बोलली. बाहेर जीप सुरू झाली आणि रंगराव हार घेऊन जीपमागं धावले.

नूरजहां रडली नाही. रांजणातून बादलीभर पाणी आणलं आणि ओला फडका घेऊन एकेक चिठ्ठी सोडवायला लागली. मीही पदर खोचला. हार देऊन आलेले रंगराव दारातून ओरडले, “अगं, भिंत खराब होईल!”

“भिंत तुमची तुम्ही ठेवा, सर,” ती म्हणाली. मागं वळून न बघता.

पाण्यानं शाई वाहून गेली. समोरच्या बाजू निळ्या डागांच्या झाल्या. मागं पेन्सिलीचं मात्र जसंच्या तसं होतं.

“लिहिलेलं सगळं गेलं गं,” मी म्हटलं.

“ते पुस्तकात भेटते बाई. हे नाही भेटत.” आणि ओल्या चिठ्ठ्या तिनं ओढणीत बांधल्या.

फाटकाशी हैदर धुतलेला सदरा घालून उभा होता. “नाम लिख्या?”

“शालिग्रामचं,” मीच सांगितलं. “तो खरं बोलला म्हणून.”

हैदरनं थोडा विचार केला. “सच तो मेरी बेटी के बारे में बोल्या ना, बाई?”

नूरजहांनं ओढणीची गाठ घट्ट केली आणि बापाच्या पुढं चालू लागली.

नूरजहांची शाळा सुटली. दुपारच्या वेळी ती ओट्यावर गल्लीतल्या पोरींना शिकवायची, पुढ्यात चिठ्ठ्या पसरून. शालिग्राम बुलढाण्याला गेला. आणि रंगरावांच्या पद्धतीची कीर्ती जिल्ह्यात झाल्यामुळे पुढच्या साली आणखी मोठे साहेब यायचे ठरले. रंगरावांनी शिपाई उकंडरावाला हैदरच्या घरी पिटाळलं. “पोरीला म्हणावं, चिठ्ठ्या घेऊन ये. शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे.”

उकंडराव परत आला तो हातात झाकलेलं भांडं घेऊन. टेबलावर ठेवलं. आत ताजी, गरम खळ होती.

“पोरगी म्हणे, भिंत त सरांजवळ हायेच,” उकंडरावानं निरोप सांगितला.

रंगरावांनी बोट बुडवून पाहिलं. “खळ बरी झाली आहे,” ते म्हणाले. “आणि चिठ्ठ्या?”