सुभद्राबाईचं विरजण

मी विरजण बोलतोय. ‘मी’ म्हणतो ते आपलं सोयीसाठी. खरं तर आम्ही अगणित आहोत आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी असतो. सुरतेत, डिंडोलीच्या एका खोलीत ओट्यावरच्या मडक्यात आम्ही आहोत. त्या घरात जो जो दही खातो, त्याच्या पोटातही आम्ही रोज उतरतो. घाबरू नका, तुमच्या पोटातही आमचे भाऊबंद आहेतच.

आमचा जन्म कधीचा, ते आम्हालाही ठाऊक नाही. आठवतं ते पारोळ्याकडचं एक खेडं. सुभद्राबाईने तिथे एक फडकं दह्यात भिजवलं, सावलीत वाळवलं आणि पदराच्या गाठीला बांधून रेल्वेने सुरतेला आणलं. इथे कोमट दुधात ते बुडवलं आणि आम्ही पुन्हा जागे झालो. दूध किती कोमट आहे ते ती करंगळी बुडवून बघायची. वर्षानुवर्षं तिच्या बोटावरचे जीव आमच्यात मिसळत गेले. ते फडकंही तिने टाकलं नाही, पिळून मडक्याखाली चुंबळ केली.

गेल्या वर्षी ती गेली. तिच्या पोटातले आम्ही तिच्याबरोबर जळालो. सुतकात मडक्यातले आम्हीही मोरीत ओतले गेलो. पण मागच्या गल्लीतल्या मंगलाबाईकडे तिने कधीकाळी आम्हाला दिलेलं होतं. चौदाव्या दिवशी सुभद्राबाईची सून योगिता वाटी घेऊन गेली आणि आम्ही घरी परत आलो. एवढ्या सहजी सुभद्राबाईला मात्र परत आणता आलं नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांत तिच्या मुलाचा, हेमराजचा, उजव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल झाला. चादर लागली तरी तो ओरडायचा. हेमराज नवागामला पावरलूमवर बारा तास उभा असतो. मशीन सोडून लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीही बेतानेच पितो. तपासणीत युरिक ॲसिड नऊच्या वर निघालं. आठ दिवस तो घरी बसला आणि शेठने सुनावलं, “फरी रजा पाडी तो मशीन बीजाने आपी दईश.” म्हणजे पुन्हा अंगठा सुजला की मशीन दुसऱ्याला.

दही खाऊ का, असं त्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, खुशाल खा. पोटातले काही जंतू युरिक ॲसिड कमी करायला मदत करत असावेत, त्यावर संशोधन चाललं आहे. मग बोट उगारून म्हणाले, “पण दवा बंध नथी करवानी, समज्या?” म्हणजे गोळ्या मात्र थांबवायच्या नाहीत.

हेमराजला पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं. माणसं कान दोन घेऊन हिंडतात आणि ऐकतात अर्ध्याने!

महिनाभरात गोळ्यांनी सूज गेली, ठणका थांबला. श्रेय कुणाला मिळालं? आम्हाला. सकाळी वाटीभर दही खाऊन झालं की तो मडक्यावर हात ठेवायचा आणि हळूच म्हणायचा, “माय, आज आंगठा दुखत नही. तुना हातनं दही शे ना.”

योगिता पोळ्या लाटता लाटता विचारायची, “गोयी लिधी का तुम्हीन?”

“लिधी ना. काय रोज रोज इचारस?”

गोळी घेतलेली नसायची. ती तो चुंबळीच्या पिळात खोचायचा. कचऱ्यात टाकली तर योगिताला दिसेल, आणि आईपाशी ठेवली की खोटं बोलल्याचा सल कमी होत असावा. आम्ही वरून बघत होतो आणि त्याच्या पोटातूनही बघत होतो. आमच्या वाट्याला येईल तेवढं युरिक ॲसिड आम्ही फोडत होतो. पण त्याच्या रक्तातला साठा चढत चालला होता, अंगठ्यात बारीक सुया जमत होत्या. ओरडावंसं वाटायचं. तोंड असतं तर ओरडलोही असतो.

गोळी चुकवायला लागल्याच्या विसाव्या दिवशी आम्ही जमलो नाही.

दूध चांगलं होतं, कोमट होतं, योगिताचा हातही नेहमीचाच होता. तरी सकाळी मडक्यात दूध ते दूधच, वरून तंतू सुटलेलं आणि वास भलताच. सासू गेल्यापासून असं एकदाही झालं नव्हतं. हेमराज न खाताच कामावर गेला. तिने दूध ओतून दिलं, मडकं घासलं, चुंबळ धुवायला उलगडली आणि फरशीवर टपटप गोळ्या पडल्या. एकोणीस.

ती अजून त्या गोळ्या हातात धरून बसली होती, तोच हेमराज भटूच्या खांद्यावर लोंबकळत घरी आला. भटू त्याच्या शेजारच्या मशीनवरचा. हेमराजच्या सुजलेल्या उजव्या पायात चप्पल नव्हती. योगिताने मूठ उघडून दाखवली. मग ती रडली.

दिवेलागणीला ती मंगलाबाईच्या दारात वाटी घेऊन उभी राहिली. मंगलाबाईने मान हलवली. “दिवा लागी गया. आते इरजन देतस का कोनी? सकायले येजो.”

सकाळी आम्ही तिसऱ्यांदा त्या घरात आलो. हेमराज उशीवर पाय ठेवून पडला होता. मशीनवर सध्या भटू दोघांचं काम ओढतोय, आठवडाभर तरी. योगिताने डॉक्टरांना विचारून दिलेल्या गोळ्या त्याने तिच्यासमोर गिळल्या, तांब्याभर पाणी प्यायला. मग आमच्याकडे बघून पुटपुटला, “माय, तू रुसनी का?”

हेमराज, बाळा, ऐक. आम्ही दही आहोत. खा आम्हाला, हरकत नाही. जमेल तेवढा हातभार लावू. पण गोळीचं काम आम्हाला सांगू नकोस. आमच्यात तुझी आई शोधू नकोस. त्या दिवशी आम्ही का जमलो नाही, ते आम्हालाही खरंच कळलेलं नाही. मडक्यात कुणीतरी करंगळी बुडवल्यासारखं वाटलं होतं, एवढंच.

आम्ही तुझी आई नाही रे. निदान सगळे तरी नाही.