शून्याचा लॉग

"सूत्रं घोटून घ्या, अर्थबिर्थ सांगत बसू नका," असं क्लासच्या मालकांनी मॅडमना बजावलं होतं. ही नोकरी सोडायचं मॅडम दरवर्षी ठरवत आणि घरची तोंडं बघून गप्प बसत. आज मात्र वर्गातला मालकांचा कॅमेरा डोळे वटारून बघत असताना त्यांनी खडू खाली ठेवला.

"लॉग म्हणजे एकच प्रश्न, किती वेळा? एकाची दुप्पट करत आठवर जायचंय. किती वेळा?"

"तीन," वर्ग म्हणाला.

"झाला आठचा लॉग. आता उलटं, दर निम्म्याला उणे एक. फळ्यापासून दारापर्यंतचं अंतर एक धरा."

त्या दाराकडे निघाल्या. दर खेपेला उरलेलं अंतर निम्मं करून थांबत. पोरं मोजू लागली, उणे एक, उणे दोन, उणे तीन. शेवटी मॅडमचं पाऊल तसूतसूनं सरकायला लागलं, तशी पोरं हसून बेजार झाली.

मागच्या बाकावरच्या आगाऊ मुलीनं विचारलं, "मॅडम, मग दार कधी येणार?"

"येतच नाही. दार म्हणजे उरलेलं अंतर शून्य. म्हणून शून्याला लॉग नसतो."

तेवढ्यात भिंतीवरचा स्पीकर खाकरला. "मॅडम, फळ्याकडे."

परत जाताना मात्र त्यांना कुठेच थांबावं लागलं नाही.